रायीमागचे रान: तुकड्यांत उरलेल्या जंगलातील पक्ष्यांचा एक प्रकरण अभ्यास

प्रकरणाची जागा

संगमेश्वर तालुक्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावातील ही हकिगत आहे. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण महाधनेश या मोठ्या फळखाऊ पक्ष्याच्या ढोलीचा पत्ता एकदा बाहेर गेला की विणीच्या ऐन दिवसांत कॅमेरे घेतलेली माणसे झाडाखाली ठाण मांडून बसतात, आणि त्यांच्या धास्तीने चारा घेऊन आलेला नर तासन्‌तास ढोलीकडे फिरकत नाही. लग्न होऊन मी या गावात आले, येथील प्राथमिक शाळेत शिकवले, आणि शाळेच्या वाटेवरच गावची राय, म्हणजे देवराई, असल्यामुळे तिथल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याची सवय मला लागली. रायीमागच्या डोंगरउतारावरील रान तुटले त्याला आता नऊ वर्षे झाली. त्याआधीची दोन आणि नंतरची नऊ अशा अकरा वर्षांच्या नोंदींवर हे लेखन उभे आहे.

राय सुमारे पाच एकरांची आहे. मध्यभागी ग्रामदेवतेचे कौलारू देऊळ, त्याच्या एका अंगाने वाहणारा पऱ्या, आणि भोवती बेहडा, सातवीण, किंजळ, आंबा, नांद्रुक यांची कवेत न मावणारी झाडे, त्यांवर मनगटाहून जाड गारंबीचे वेल आणि खाली सावलीत वाढणारी गच्च झुडपे. गावऱ्हाटीच्या नियमाने कौल लावल्याशिवाय या रायीतली फांदीही तोडली जात नाही. देवळाचा वासा बदलायचा असला तरच मानकरी आणि गुरव देवाला विचारतात. शिमग्याच्या होळीचे झाडदेखील रायीबाहेरून आणले जाते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजूबाजूचे रान उघडे पडले तरी देवाच्या नावाने राखलेला तुकडा जुन्या जंगलाचा नमुना म्हणून टिकून राहतो, हे त्यानंतर सर्वमान्य झाले. माझ्या मनातही तीच समजूत होती, आणि राय जशी आहे तशी राहिली तर तिच्यातले पक्षीही राहतील असे मी धरून चालले होते.

रायीच्या मागे, पऱ्याच्या वरच्या अंगाला, चाळीसेक एकरांचा डोंगरउतार आहे. हे मालकी रान. त्याच्या सातबाऱ्यावर इतक्या सामाईक खातेदारांची नावे आहेत की त्यांपैकी निम्मे हिस्सेदार एकमेकांना ओळखतही नाहीत, कारण बहुतेक घरे दोन-तीन पिढ्या मुंबईत आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातील जंगलाची ही मूळ परिस्थितीच आहे: सरकारी राखीव वन अगदी थोडे, आणि डोंगरांवर जे हिरवे दिसते ते बहुतांशी खासगी मालकीचे. हा उतार काही आदिम अरण्य नव्हता. दर पंधरा-वीस वर्षांनी तेथे तोड होत असे आणि शेत भाजण्यासाठी, म्हणजे भाजावळीसाठी, कवळ म्हणून डहाळ्याही तोडल्या जात. परंतु ऐन आणि किंजळ खोडापासून पुन्हा फुटतात, मोठी वड-उंबराची झाडे कोणी तोडत नसे, आणि पऱ्याच्या काठाला जांभूळ, भेरली माड व रानजायफळ दाटीने उभे होते. मुख्य म्हणजे रायीतून निघालेल्या पक्ष्याला या उतारावरून झाडाझाडाने थेट घाटपायथ्याच्या जंगलापर्यंत जाता येत होते.

काय घडले

हिस्सेदारांनी रान ठेकेदाराला उक्ते दिले. रीतसर अर्ज झाला, झाडांची मोजणी झाली, परवाना आला आणि दोन हंगामांत दोन टप्प्यांनी उतार साफ झाला. वरचा भाग तसाच सोडून दिला गेला. खालच्या भागात, म्हणजे रायीला लागून असलेल्या जवळजवळ निम्म्या उतारावर, जेसीबीने मजग्या, म्हणजे पायऱ्या, पाडून काजूची कलमे लावण्यात आली. यात कोणी काही चोरून केले नाही. मुलीचे लग्न, मुंबईतल्या खोलीची डागडुजी, गावच्या घराचे कौल बदलणे, अशी प्रत्येक हिस्सेदाराची खरी गरज होती, आणि उभे रान मात्र मालकाला वर्षाला एक रुपयाही देत नव्हते. १९९० साली राज्याने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणल्यापासून कोकणातल्या पडीक म्हणून नोंदलेल्या उतारांवर काजू आणि आंबा चढत गेला आहे. आमचा उतार या प्रवाहात उशिरा सामील झाला, एवढेच. दक्षिणेकडे दोडामार्गाच्या बाजूला हेच काम रबर आणि अननसाने केले. सावंतवाडी–दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली वृक्षतोडीवर बंदी घातली ती तिथले रान हत्ती आणि वाघ यांच्या वाटेवरचे होते म्हणून. आमच्या उतारावर असे कोणतेही नाव घेण्याजोगे जनावर नव्हते.

तोड झाल्यानंतरच्या पहिल्याच फेब्रुवारीत राय पक्ष्यांनी भरून गेली. सकाळी इतका कलकलाट होई की गुरवकाका मला म्हणाले, “बाई, देवानं आपल्या रायीत पाखरं बोलावून घेतली बघा. रान गेलं, पण पाखरं गेली नाहीत.” मलाही ते पटले. त्या वर्षी मी शाळेच्या हस्तलिखितात रायीतल्या पक्ष्यांवर मोठ्या आनंदाने लेख लिहिला, आणि त्यात देवराई पक्ष्यांना कसा आसरा देते याचे कौतुक केले होते. तो लेख चुकीच्या निष्कर्षावर उभा होता.

गर्दीचा अर्थ

ब्राझीलमध्ये मनाऊस शहराच्या उत्तरेला १९७९ साली जीवशास्त्रज्ञ टॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने एक मोठा प्रयोग सुरू झाला. गुराखी तेथे जंगल तोडून कुरणे करणारच होते. त्यांच्याशी बोलून १, १० आणि १०० हेक्टरांचे चौकोनी तुकडे उभे ठेवण्यात आले आणि तोडीच्या आधी व नंतर त्यांतील पक्षी जाळ्यांत पकडून, वाळे घालून, मोजण्यात आले. तोड झाल्यावर लगेच तुकड्यांतील पक्ष्यांची संख्या वाढली. भोवतालचे घर गेलेले पक्षी उरलेल्या सावलीत येऊन कोंबले गेले होते. ही गर्दी फार काळ टिकली नाही. पुढील काही महिन्यांत संख्या उतरली, आणि मग जाती एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. जमिनीलगत आणि झुडपांत राहून किडे खाणारे पक्षी सर्वांत आधी गेले. त्या प्रयोगाच्या नोंदींवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले की शंभर हेक्टरांच्या तुकड्यातूनही झुडपांतल्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत निघून जातात. शंभर हेक्टर म्हणजे अडीचशे एकर. आमची राय पाच एकरांची आहे, हे हा आकडा वाचताना माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

गुरवकाकांनी पाहिलेली गर्दी आणि मनाऊसची गर्दी एकच होती. आग लागलेल्या वाडीतली माणसे शेजारच्या घरात जमली म्हणजे त्या घराची भरभराट झाली असे आपण म्हणत नाही.

नोंदींची पद्धत अगदी साधी आहे आणि तिच्या मर्यादाही साध्या आहेत. रायीत ठरवलेल्या पाच जागांवर, फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांत, सूर्योदयानंतर प्रत्येकी पंधरा मिनिटे उभे राहून दिसलेले व ऐकलेले पक्षी लिहायचे. मे महिन्यात आणखी एक फेरी करायची. सगळे एका माणसाच्या कानांवर विसंबलेले आहे. तुलनेसाठी खोऱ्याच्या पलीकडच्या गावातील, साधारण एवढीच पण मागचे रान अजून अखंड असलेली राय मी त्याच पद्धतीने बघत आले. या दुसऱ्या रायीमुळेच मला माझ्या निष्कर्षांवर थोडाफार भरवसा ठेवता येतो, कारण पावसाळा उशिरा आला, वणवा लागला किंवा फळे कमी धरली तर त्याचा परिणाम दोन्हीकडे दिसतो; एकीकडेच दिसणारा बदल रान तुटल्याचा.

यादीतला आकडा आणि यादीतली नावे

सर्वांत फसवी गोष्ट अशी की तोडीच्या आधीच्या आणि आताच्या यादीतील जातींची एकूण संख्या फारशी वेगळी नाही. जो कोणी फक्त बेरीज पाहील तो म्हणेल की रायीचे काही बिघडलेले नाही. नावे वाचली की चित्र बदलते.

कमी झाले ते हे: पालापाचोळा उलटवीत जमिनीवर चालणारा, छातीवर ठिपके असलेला छोटा रानसातभाई, विळ्यासारख्या बाकदार चोचीचा, जोडीने साद घालणारा दुसरा सातभाई, सावलीत फांदीवर निश्चल बसून राहणारा मलबारी कर्णा, पऱ्याच्या दरडीत बीळ करणारा तिबोटी खंड्या, आणि सडक्या फांद्या टोचणारा हृदयांकित सुतार. कर्णा तिसऱ्या वर्षानंतर दिसलेला नाही. ठिपकेवाल्या सातभाईची शीळ पाचव्या उन्हाळ्यापर्यंत एका कोपऱ्यातून येत होती. पुढच्या वर्षी तो कोपराही गप्प झाला. पलीकडच्या रायीत हे पक्षी आजही आहेत.

वाढले ते हे: लालबुड्या आणि शिपाई बुलबुल, जांभळा शिंजीर, वटवट्या, तांबट, टकाचोर, कावळा, साळुंकी. हे पक्षी वाईट नाहीत. पण ते परसात, काजूच्या बागेत, रस्त्याकडेच्या आंब्यावर कुठेही राहू शकतात, आणि त्यांच्यासाठी देवराई राखण्याची गरज नव्हती. ज्यांना रायीवाचून दुसरी जागा नव्हती ते गेले आणि ज्यांना सगळीकडे जागा होती ते आत आले. दोन्हींची बेरीज मात्र सारखीच राहिली.

मिश्र थव्यांचे काय झाले तेही येथे सांगायला हवे, कारण ते मी पुष्कळ उशिरा ओळखले. थंडीच्या दिवसांत सकाळी आठ-नऊच्या सुमारास रायीतून एक लाटच जात असे: भृंगराज पुढे ओरडत, मागोमाग निळा माशीमार, पर्णपक्षी, सुतार, छोटे सातभाई, स्वर्गीय नर्तक, सगळे आपापल्या थरातून किडे टिपत एकाच दिशेने सरकत. हा थवा रोज रायीतून उताराकडे आणि उतारावरून परत रायीत असा फिरे. पाच एकर ही त्याच्या फेरीची एक ओसरी होती. उतार गेल्यावर भृंगराज अजून येतो, पण त्याच्यामागे येणारे बहुतेक उरलेले नाहीत. जाती एकेकट्या मोजल्या तर हे नुकसान कागदावर येतच नाही. यादीत भृंगराजापुढे ‘आहे’ अशी खूण पडते.

उघडी कड का मारते

राय कोणी तोडली नाही, मग तिच्यातले पक्षी का जावेत, हा प्रश्न गावात मला अनेकांनी विचारला. त्याचे उत्तर मी शाळेच्या फळ्यावर काढून दाखवले.

पाच एकर, म्हणजे दोन हेक्टर, जमीन अगदी चौकोनी असेल तर तिची एक बाजू साधारण १४१ मीटर भरते. उघड्यावरचे ऊन, वारा आणि कोरडेपणा कडेपासून नुसते पन्नास मीटर आत शिरतात असे धरले, तर मध्ये उरणारा अस्पर्शित चौकोन ४१ मीटर बाजूचा राहतो. दोनशे गुंठ्यांपैकी जेमतेम सतरा गुंठे. तेवढ्या जागेत देऊळ आणि त्याचे अंगण आहे. मनाऊसच्या तुकड्यांत झाडे सुकण्याचा आणि उन्मळण्याचा परिणाम शंभर मीटरपर्यंत आत पोहोचलेला दिसला. तो आकडा धरला तर आमच्या रायीत आत असा भागच राहत नाही, सगळीच कड. शंभर हेक्टरांच्या तुकड्यात मात्र तोच शंभर मीटरांचा पट्टा वगळूनही ६४ हेक्टर उरतात. आकार लहान होतो तसा कडेचा वाटा किती झपाट्याने वाढतो हे मुलांना या एका गणितातून लगेच कळले.

प्रत्यक्षात हे असे घडले. तोडीनंतरच्या पहिल्या जूनमध्ये, पावसाआधीच्या वावटळीत, उताराकडील कडेची दोन जुनी किंजळे मुळासकट आडवी झाली, कारण आजवर त्यांच्यापुढे वारा अडवणारे रान होते. त्या खिंडारातून ऊन आत आले आणि त्याच्यामागून रानमोडीचे तण आले. जमिनीवरचा ओला पालापाचोळा मार्चमध्येच पापडासारखा वाजू लागला. पालापाचोळ्यात ओल नसली की त्यातले किडे, गोगलगाई आणि कोळी कमी होतात, आणि त्यांच्यावर जगणारा सातभाई उपाशी राहतो. त्याला कोणी मारावे लागत नाही.

मग तो उडून दुसरीकडे का जात नाही? या ठिकाणी पक्ष्यांबद्दलची आपली सर्वसाधारण कल्पना चुकते. पनामा कालव्यासाठी गाटून तलाव १९१३–१४ च्या सुमारास भरला तेव्हा जंगलाचे डोंगर पाण्यात बेटे होऊन उभे राहिले. त्यांतील बारो कोलोराडो हे सुमारे पंधराशे हेक्टरांचे बेट १९२३ पासून राखलेले असूनही तिथून जंगलातील अनेक पक्षी नाहीसे झाले. पुढे संशोधकांनी त्याच तलावावर झुडपांतल्या पक्ष्यांना नावेतून सोडून पाहिले. काही जाती किनाऱ्यापासून फक्त शंभर मीटरांवर सोडल्या तरी तेवढे अंतर उडून जाऊ शकल्या नाहीत. पंख असूनही, दाट सावलीत फांदीवरून फांदीवर जाण्यासाठी घडलेल्या या पक्ष्यांना मोकळे आकाश हा अडथळा आहे. आमच्या काजूच्या मजग्या म्हणजे पाणी नव्हे, हे खरे; पण काजू वेचायला सोपे जावे म्हणून जानेवारीपासून मे अखेरपर्यंत झाडांखालचा तळ झाडून साफ ठेवला जातो, आणि मोहोरावर ढेकण्या पडू नये म्हणून औषधाच्या फवारण्या होतात. जमिनीवर किडे शोधत चालणाऱ्या पक्ष्यासाठी, आणि तेही विणीच्या महिन्यांत, ती जागा पाण्यासारखीच आहे.

महाधनेशाची ढोली

गावाला महाधनेशाचा अभिमान आहे. जुनी माणसे त्याला गरुड म्हणतात, काही ठिकाणी ककणेर हे नावही चालते. तो रायीवरून जाताना पंखांचा आवाज दूरच्या गाडीसारखा ऐकू येतो आणि अंगणातली माणसे काम सोडून वर पाहतात. रायीच्या कडेला असलेल्या एका जुन्या बेहड्यात, जमिनीपासून बरीच वर, त्याची ढोली होती. बेहड्याच्या लाकडाला चांगला भाव येत नाही आणि नल-दमयंतीच्या आख्यानात कली याच झाडात शिरल्याने लोक त्याच्यापासून थोडे दूरच राहतात. या दोन्ही गोष्टी धनेशाच्या पथ्यावर पडल्या असाव्यात.

जानेवारी-फेब्रुवारीत मादी ढोलीत शिरून विष्ठा आणि फळांच्या गराने तोंड लिंपून घेते, एक चीर तेवढी ठेवते, आणि पुढचे तीन-चार महिने तिचे व पिल्लाचे पोट पूर्णपणे नरावर अवलंबून असते. ढोलीखाली पडलेल्या बिया गोळा केल्या की नर कुठल्या झाडांवर जाऊन आला ते कळते. तोडीआधीच्या दोन वर्षांत त्या पसाऱ्यात वड-उंबरांच्या बारीक बियांबरोबर रानजायफळ, भेरली माड, उन्हाळ्याच्या शेवटी जांभूळ अशी विविधता असे. तोडीनंतर वडवर्गीय फळेच उरली, आणि नर दोन फेऱ्यांमध्ये पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ घेऊ लागला. तरीही त्याने तीन हंगाम ढोली सोडली नाही. गाव निश्चिंत होते: गरुड आहे, म्हणजे राय ठीक आहे.

हाच या प्रकरणातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा आहे. महाधनेश हा एका दमात दरी ओलांडणारा, कित्येक किलोमीटरांवरून फळे आणणारा पक्षी आहे, आणि शिवाय तो दीर्घायुषी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मुंबईतील कार्यालयात १८९४ ते १९२० अशी सव्वीस वर्षे राहिलेला ‘विल्यम’ महाधनेशच होता, आणि संस्थेच्या बोधचिन्हात आजही तोच आहे. असा पक्षी तुटलेल्या रानातही वर्षानुवर्षे दिसत राहतो. त्याचे दिसणे हे रान जिवंत असल्याचा पुरावा धरले, तर सातभाई आणि कर्णा आपल्या पायाखालून निघून जातात आणि आपण मान वर करून उभे असतो. दुसरीकडे, धनेशाचे स्वतःचे नुकसानही उशिरा कळते, कारण पिल्ले वाढली नाहीत तरी जुनी जोडी येतच राहते. पर्यावरणशास्त्रात याला ‘विलोपनाचे ऋण’ म्हणतात: घर तुटते त्या दिवशीच कर्ज चढते, वसुली पुढच्या पिढीत होते. बॅंकेच्या हप्त्यांशी झगडणाऱ्या आमच्या गावाला ही उपमा समजावून सांगावी लागली नाही.

चौथ्या वर्षी मादी ढोलीत बसली नाही. बेहडा उभा होता, ढोली शाबूत होती, नर-मादी दोनदा येऊन चोचीने कडा तपासून गेली. पाचव्या वर्षीही तेच झाले.

कागदाला काय दिसते

परवान्यासाठी लागू असलेला महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम १९६४ चा आहे. तो झाड मोजतो: जात, घेर, गट क्रमांक. एका गटातले रान दुसऱ्या गटातल्या रायीला कशाने जोडलेले आहे, हा प्रश्न अर्जाच्या कोणत्याही रकान्यात येत नाही. परवाना देणाऱ्या माणसाने नियमबाह्य काही केले नाही. त्याच्यासमोर पक्षी नव्हता, गट होता. देवराई वेगळी, मालकी रान वेगळे, सरकारी जंगल वेगळे, असे तिघांचे तीन कागद आहेत, आणि पक्ष्यांचा समुदाय या तीन कागदांच्या मधल्या रेघांवर जगतो. रायगड जिल्ह्यातील १२ चौरस किलोमीटरांचे कर्णाळा पक्षी अभयारण्य आणि त्याच्या पोटातून गेलेला मुंबई–गोवा महामार्ग पाहिला तरी हेच ध्यानात येते की क्षेत्र घोषित करणे हे काम वेगळे आणि ते सलग ठेवणे हे वेगळे.

पऱ्याकाठची पट्टी

पाचव्या वर्षीच्या शिमग्यात, पालखी सहाणेवर असताना आणि मुंबईकर हिस्सेदार गावात असताना, मी मानकऱ्यांच्या परवानगीने बोलले. फळ्यावरचे गणित कागदावर काढून नेले होते. काजू उपटा असे मी म्हटले नाही, आणि म्हटले असते तर कोणी ऐकले नसते. मागणी एवढीच होती की पऱ्याच्या दोन्ही काठांना वीस-वीस पावले जागा तशीच सोडावी, तिथला तळ झाडू नये, फवारणी करू नये, आणि वरच्या भागात खोडांपासून पुन्हा फुटलेले ऐन-किंजळ पुढच्या तोडीत पऱ्यालगत राखावेत. एक हिस्सेदार म्हणाले, “बाई, तुमचं खरं असेल, पण त्या पट्टीत माझी तीस कलमं येतात. त्यांचं काय?” हा प्रश्न योग्य होता. त्यांच्या कलमांचे नुकसान देवस्थानाच्या वर्गणीतून भरून द्यावे असे शेवटी ठरले, आणि गुरवकाकांनी कौल लावला. कौल उजवा आला.

याला आधार म्हणून मी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, तमिळनाडूतील आनैमलैच्या डोंगरांत, वाल्पराई पठारावर, चहाच्या मळ्यांत अडकलेल्या जंगलाच्या तुकड्यांवर नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनने दीर्घकाळ काम केले आहे. तिथे देशी झाडांच्या सावलीतल्या कॉफीत जंगलातले पक्षी चहाच्या उघड्या मळ्यापेक्षा पुष्कळ अधिक आढळतात. तुकडा किती मोठा यासोबतच तुकड्यांच्या मध्ये काय आहे हेही ठरवणारे असते, आणि मधली जागा शेतकऱ्याच्या हातात असते. दुसरी, उत्तर पश्चिम घाटात बेहडा आणि हिरडा यांची रानातली फळे शाश्वत पद्धतीने गोळा करून त्यांना फेअरवाइल्ड प्रमाणपत्र मिळवण्याचे काम झाले आहे. उभ्या झाडाला भाव मिळाला तर उभे झाड राहते. आमच्या गावात हे अजून झालेले नाही. बेहड्याची फळे दरवर्षी रायीत कुजतात, आणि देवाच्या झाडाची फळे विकावीत की नाही यावर मानकऱ्यांत एकमत नाही. तो वाद त्यांचा आहे. त्यात मी पडत नाही. मात्र वरच्या उतारावरील, रायीबाहेरच्या बेहड्यांबद्दल दोन हिस्सेदारांनी चौकशी सुरू केली आहे.

पट्टीला आता चार पावसाळे झाले. भेरली माडाची रोपे गुडघ्याच्या वर आली आहेत, करवंदीच्या जाळ्या मिळून गेल्या आहेत, आणि एका ठिकाणी दोन्ही काठांच्या जांभळीच्या फांद्या पऱ्यावर एकमेकींना टेकल्या आहेत. मधे एक उघडा टप्पा अजून आहे, जेसीबीची वाट पऱ्या ओलांडते तिथे, साठेक पावलांचा. गेल्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर तिबोटी खंड्या पट्टीच्या वरच्या अर्ध्यात दरडीशी दिसला. उघड्या टप्प्याच्या खाली, रायीच्या बाजूला, तो आलेला नाही. ठिपकेवाल्या सातभाईची शीळही यंदा मार्चमध्ये त्या टप्प्याच्या वरच्याच अंगाने आली, तीन सकाळी. महाधनेशाची जोडी ढोली पाहून गेली आणि बसली नाही.

वाट हलवून पऱ्याच्या खालच्या वळणाला नेता येईल का, हे पाहण्यासाठी पुढच्या आठवड्यात बागेचे मालक, गुरवकाका आणि मी तिथे जाणार आहोत. टेप आणि चुन्याची पिशवी मालकांनी आणायची ठरली आहे.